मीराच्या लग्नात म्हटलेलं गाणं

मला गाण्याचा आग्रह करू नका यार, आधी ऐका. मागच्या महिन्यात नोएडात माझ्या मैत्रिणीचं, मीराचं लग्न झालं, नवरा पंजाबी. मी हौसेने एका जुन्या मराठी सिनेमातलं गाणं म्हटलं. चाल गोड, पण शब्द अर्धेच कळायचे. दिल्लीत वाढलेय ना! अगदी डोळे मिटून, जीव ओतून गायले. डोळे उघडले तर मीराची आई पदराने डोळे टिपत होती. मला वाटलं, बिल्कुल जमलं! तेवढ्यात तिची मावशी कानाशी येऊन कुजबुजली, "अगं, सिनेमात नवरा गेल्यावर नायिका हे गाते!" मीराकडे बघायचीही लाज वाटत होती. आणि समोरून तिचे सगळे सासरचे टाळ्या वाजवत ओरडले, "वन्स मोर!"