सागवानी पेटीची कडी

आताच्या सुना नवऱ्याले नावानं हाक मारतात, आन् कोणाले काही वाटत नाई. मले मात्र त्यासाठी पेटीत बसा लागलं, बायांनो!

सत्तर-बहात्तर साल असन. लग्नाले वरीस झालं होतं. घरी उंदीर गोधड्या कुरतडत, म्हणून आम्ही दोघं आर्वीले जुन्या सामानाच्या दुकानात गेलतो. यांचं मन पत्र्याच्या पेटीवर, माहं जुन्या सागवानी पेटीवर. हे बाहेर दुकानदारासोबत गप्पा मारत बसले. मी म्हटलं, पाहू तरी किती गोधड्या मावतात, आन् आत बसून पाह्यलं. तेवढ्यात झाकण पडलं आन् बाहेरची कडी लागली!

"अवो, आयकता का?" मी ओरडली. पण पेटीतून आवाज दबून गेला, कोणाचा हाय ते बाहेर समजंना.

"आलो, आलो!" म्हणत दुकानदार मागच्या घरात बायकोकडे पळाला. तिनं तर बलावलंच नव्हतं. तो परत आला.

"अवो, लवकर या ना!"

आमचे हे त्याले म्हणतात, "जा भाऊ, वहिनी पुन्हा बलावून राह्यली."

माहा जीव गुदमरून राह्यला होता. लेकरू असतं, तर त्याचे बाबा म्हणून हाक मारली असती. शेवटी लाज सोडली आन् यांचं नाव घेऊन ओरडली. काय नाव, ते तुम्हाले सांगत नाई.

झाकण उघडलं. दुकानदार बिचारा वरमला. "ढिली कडी हाय, बदलून देतो."

हे म्हणाले, "हेच पेटी द्या. पण भाऊ, कडीले हात लावू नका. वरीसभरात आज पहिल्यांदा माहं नाव आयकलं."