ऑस्ट्रेलियाची तालीम, मुक्काम चांदीप

जयवंती : हा तंबू उभा राहिला नाही तर तुमच्या पदरात काय काय पडतं, ते मोजत बसलेय मी. एक, उद्या दुपारी तुम्ही आपल्या झोपाळ्यावर. दोन, ऑस्ट्रेलियाचं नाव निघायचं बंद. आणि तीन, गावभर माझंच नाव, की जयवंतीला चांदीपच्या शेतात एक रात्र काढवली नाही, ती तिकडे वाळवंटात चौदा काय काढणार होती! तिन्ही बाजूंनी नफा तुमचाच.

शरदचंद्र : तू मोज. मी घाम गाळतो. ती दोरी धर.

जयवंती : धरलीय केव्हाची. पण दोरीला काठी लागते ना अहो. दोन काठ्यांचा तंबू, त्यातली एक कुठेय?

शरदचंद्र : शेजारच्या एरॉलने दिलीच नसेल. ही ट्रेकची पोरं अर्धं सामान डोंगरावर टाकून येतात.

जयवंती : त्याच्या आईने, क्लेमेंटीनने, माझ्यासमोर मोजून दिलंय. दोन काठ्या, बारा खुंट्या, एक हातोडी. म्हणाली, एरॉलचा जीव आहे या तंबूवर, फाडू नका म्हणजे झालं.

शरदचंद्र : मग राहिली असेल घरी. काय करणार! जायला नऊ दिवस उरले आणि साधी तालीम होत नाही आपल्याच्याने. मला वाटतं, सुजयला कळवून टाकावं. पोराने हौसेने ठरवलं, लग्नाचा चाळिसावा वाढदिवस म्हणून गाडी घेऊन दिली भाड्याने, सगळं खरं. पण आईबाबांच्याने होण्यातलं नाही.

जयवंती : आईच्याने की बाबांच्याने?

शरदचंद्र : दोघांच्याने. वयं काय आपली?

जयवंती : त्या गोधडीच्या वळकटीत हात घाला जरा. अजून आत. लागली?

शरदचंद्र : ...ही इथे कशी?

जयवंती : तुम्ही सकाळी पंपाच्या खोलीत पत्र्यामागे उभी केलीत, मी तिथून काढून गोधडीत गुंडाळली. पाण्याचा कॅनही ओट्यावर ‘राहिला’ होता. तोही आणलाय. मागच्या सीटखाली आहे. आता करा उभा.

शरदचंद्र : तू ना, पोलिसात जायला हवी होतीस.

जयवंती : तुमच्या घरात आले, तेच पुष्कळ झालं.

शत्रुघ्न : काय वो शरदभाऊ! उभा राह्यला का तुमचा ऑस्ट्रेलिया?

शरदचंद्र : ये शत्रुघ्न. तुझ्या जमिनीत खुंटी जात नाही रे. दगड आहे नुसता.

शत्रुघ्न : मे महिना हाय भाऊ. भात कापल्यापासून पानी पडलं नाय, खुंटी कुठून जानार? हे घ्या, आमच्या बायजानं शेंगा उकडून दिल्यात. आनि वहिनी, रस्त्यावरची लोकं मला इचारून इचारून हैरान करतात. शेतात तंबू कसला? जमीन मोजायला आले काय? बिल्डरची मानसं काय? मी बोललो, नाय रे, आपले पाव्हने हायेत, ऑस्ट्रेलियाला चाललेत. तं तो जितेंद्र काय बोलतो, चांदीपवरनं गाडी चालू झाली काय?

जयवंती : सांगा त्याला, झाली. सकाळी सातची आहे.

शत्रुघ्न : पन मला एक सांगा, तिथं बघायचं काय असतं? समुद्र तुमच्या घरामागं हाय, वाडी हाय.

जयवंती : लाल माती, भावजी. आपल्या कौलांसारखी लाल. आणि एकच रस्ता, ॲडलेडहून निघाला की दीड हजार किलोमीटर वर. पेट्रोलपंप दोनदोनशे किलोमीटरवर. ट्रक असे, की एका इंजिनाला तीनतीन डबे जोडलेले. ते समोरून आले की आपण बाजूला व्हायचं आणि धूळ खाली बसेपर्यंत थांबायचं. रात्री थंडी. आणि उन्हं उतरली की कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून उजेड आहे तोवर गाडी लावायची, तंबू ठोकायचा, चूल पेटवायची.

शत्रुघ्न : मंग बघायचं काय?

शरदचंद्र : काही नाही. तेच बघायचं. तुला नाही कळणार, शत्रुघ्न. तीस वर्षं मी मोगरा घेऊन टेम्पो दादरला नेला. तीस वर्षांत सलग पाच मिनिटं टॉप गियरला गेलो असेन तर शपथ. पहिला, दुसरा, ब्रेक. पहिला, दुसरा, ब्रेक. फुलं सुकतायत, आणि पुढे म्हशी. लग्न झालं तेव्हा हिला म्हणालो होतो, एकदा तुला अशा रस्त्याने नेईन की सकाळी टॉप टाकला तो संध्याकाळीच काढायचा.

जयवंती : ऐकलंत भावजी? असा रस्ता पोराने शोधून दिला, आणि तंबूची काठी पंपाच्या खोलीत.

शत्रुघ्न : काठी पंपाच्या खोलीत कशाला?

जयवंती : ते तुम्ही सांगा मला. तसाच तुमच्या फाटकाचा खांबही सांगा. आज दुपारी गेला तो डावीकडचाच ना?

शत्रुघ्न : जाऊ द्या वो वहिनी. जुनाच होता. दोन घमेली सिमेंट लावतो सकाळी.

शरदचंद्र : ब्रेक उशिरा लागला, सांगितलं ना तेव्हाच.

जयवंती : ब्रेक गाडी थांबवतो. खांब दाखवत नाही.

शत्रुघ्न : मी जरा बैलांना पानी दावून येतो.

जयवंती : बैल विकून तुम्हाला सहा वर्षं झाली, भावजी. बसा.

शत्रुघ्न : बसतो.

जयवंती : विरारला डोळ्यांच्या डॉक्टरकडे किती खेपा झाल्या?

शत्रुघ्न : कोनाच्या?

शरदचंद्र : शत्रुघ्न, तोंड उघडलंस तर बघ.

शत्रुघ्न : मी कुठं काय बोललो? मी बोललो, कोनाच्या.

जयवंती : नका सांगू, तुमची शपथ मोडायला नको. मीच सांगते. फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे थेंबांची बाटली असते. दर महिन्याला नवी. मी लोणचं काढते, बाटली पुसते, होती तिथे ठेवते. आणि बाटली आली ती नंतर. त्याआधीच मला ताटाने सांगितलं.

शरदचंद्र : ताटाने?

जयवंती : तुम्ही आयुष्यात चटणी टाकली नाहीत कधी. दोन वर्षांपूर्वी ताटातली डावी बाजू तशीच परत यायला लागली. चटणी तशीच, लिंबाची फोड तशीच. आणि वर मला विचारायचात, आज चटणी नाही केलीस? मी नुसतं ताट जरा फिरवायचे. मग म्हणायचात, हां, आहे की.

शरदचंद्र : म्हातारपणी राहते चटणी एखाद्याची.

जयवंती : आणि गाडीत? गाडीत मी तुमच्या डाव्या हाताला बसते. चाळीस वर्षं तिथेच बसतेय. हल्ली मी बोलले की तुम्ही दचकता, अहो. बाजूला कोणी बसलंय हे विसरल्यासारखे.

शत्रुघ्न : काचबिंदू बोलला डॉक्टर. आता सुटलंच तोंडातून, तं सुटू दे. डाव्या डोल्याचं गेलं ते गेलं बोलला, उरलंय ते थेंबांनी राखायचं. गाडी बंद करा बोलला.

शरदचंद्र : झालं समाधान? बाई नका सांगू म्हणाली, आणि याने सगळं ओकलं!

शत्रुघ्न : मला बोलू नका भाऊ. माझ्या पोटात दोघांचीबी गुपितं हायेत. एकाचं सांभालतो तं दुसऱ्याचं वर येतं. वरीस झालं, नीट जेवन जात नाय.

शरदचंद्र : दोघांची? हिचं कसलं गुपित?

शत्रुघ्न : ...वहिनी, मी बैलांकडं जाऊ का?

जयवंती : पर्समधलं ते कार्ड द्या त्यांना. छोट्या कप्प्यात. उजव्या हातात द्या.

शरदचंद्र : हे काय... गाडी चालवायचा परवाना? जयवंती शरदचंद्र... हा तुझा फोटो?

जयवंती : वाईट आलाय, माहीत आहे. परवाना होऊन सव्वा वर्ष झालं. तिकडचा लागतो तो पण काढलाय, पिवळ्या पाकिटात.

शरदचंद्र : तू शिकलीस कधी? कुठे?

शत्रुघ्न : फुलपाड्याला. आपली दिपिका शिकवते ना बायकांना. सून म्हनून नाय सांगत, पन हात चांगला हाय तिचा.

शरदचंद्र : फुलपाड्याला तर तू गुडघ्याच्या व्यायामाला जायचीस. आठवड्यातून तीनदा. मीच तुला स्टँडवर सोडायचो!

जयवंती : गुडघ्याचाच तो व्यायाम. क्लच दाबून दाबून चांगला झाला गुडघा. आपल्या आळीत शिकले असते तर पहिल्याच दिवशी तुमच्या कानावर आलं असतं. फुलपाड्याच्या गर्दीत मला कोण ओळखतंय? तिथल्या रिक्षांमधून गाडी काढली मी. तुमच्या त्या लाल रस्त्यावर आहे कोण आडवं यायला?

शरदचंद्र : आणि मी काय करायचं? बाजूला बसून शेंगा सोलायच्या? बायको चालवतेय आणि हा बसलाय बुजगावण्यासारखा. लोक काय...

जयवंती : तिकडे लोक नाहीत, अहो. शंभर किलोमीटरला एक. सुजयने तीन ठिकाणं सुचवली होती. मी हे का निवडलं असेल?

शत्रुघ्न : वहिनी, तुम्ही सरपंचाला उभ्या राहा.

शरदचंद्र : चेष्टा पुरे! तुम्हा दोघांना वाटतंय की मान आड येतोय माझा. येतोच, नाही म्हणत नाही. पण तेवढंच नाही ते.

जयवंती : मग?

शरदचंद्र : फेब्रुवारीत, आपल्याच आळीत. शाळेची मुलगी सायकलवर. डावीकडून होती. मला दिसलीच नाही, जयू. घंटी ऐकू आली, आणि मग आरशाला काहीतरी लागल्याचा आवाज. तिचं दप्तर अडकलं. पट्टा तुटला, वह्या रस्त्यावर. तिला काही झालं नाही. ती उठली, वह्या गोळा केल्या, आणि मला म्हणाली, सॉरी आजोबा. तिने, मला.

जयवंती : म्हणून तेव्हापासून गाडी नुसती धुता. आज एवढी बाहेर काढलीत, तर खांब गेला.

शरदचंद्र : रोज धुतो. तो आरसा तर दोनदा. आणि वर सुजय फोनवर सांगतो, बाबा, कांगारू कुठून येईल सांगता येत नाही, कडेला नजर ठेवा. कुठून ठेवू? तू डावीकडे बसलेली. म्हटलं, काठी हरवू दे, तालीम बिघडू दे, गाव हिलाच हसू दे. पण हिला घेऊन मी त्या रस्त्यावर जाणार नाही.

जयवंती : हे मी धरलंच नव्हतं. मघाशी मोजलं त्यात.

शरदचंद्र : नसणारच.

जयवंती : मला एवढंच वाटलं की ह्यांना स्टिअरिंग सोडवत नाही. त्या मुलीचं मला का नाही सांगितलंत?

शरदचंद्र : तू गुडघ्याचं का नाही सांगितलंस?

जयवंती : तुम्ही डोळ्याचं सांगाल म्हणून वाट बघत होते. बाटली पुसून पुसून वाट बघितली.

शत्रुघ्न : शेंगा गार झाल्या. दोघंबी खावा आता. मी पन खातो, आज भूक लागली.

जयवंती : सुजयकडून गाडीच्या कागदावर माझं नाव घालून घेतलंय. दुसरी चालक म्हणून. त्याला म्हटलं, बाबांना आराम नको का मधे मधे. डोळ्याचं बोलले नाही. ते मी सांगणार नव्हते. पहिलं नाव तुमचंच आहे. ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही बोला त्याच्याशी.

शरदचंद्र : दे फोन. हे बटण दाबून बोलायचं ना? ...सुजय, बाबा बोलतोय. त्या भाड्याच्या गाडीवर माझं नाव आहे ते काढ. का ते मग सांगतो. नाही, आत्ताच सांगतो, मग राहून जाईल. डाव्या डोळ्याला काचबिंदू आहे, वर्ष झालं. घाबरू नकोस, थेंब घालतो. आईचं नाव राहू दे. आई चालवते. चांगली चालवते म्हणे. मी अजून बघितलेलं नाही. ...गेलं का?

जयवंती : गेलं.

शरदचंद्र : सोपं वाटलं नाही.

जयवंती : माहीत आहे.

शरदचंद्र : ही घे किल्ली. एक फेरी मार, उजेड आहे तोवर. बघू दे दिपिकाने काय शिकवलंय ते. आणि क्लच एकदम सोडू नकोस, या गाडीचा...

जयवंती : या गाडीचा क्लच वरून धरतो. सव्वा वर्ष तुम्ही दुपारचे झोपता तेव्हा वाडीत मागे-पुढे करतेय मी ती.

शरदचंद्र : तरीच पेट्रोल!

(दारं लागतात. गाडी सुरू होते. शत्रुघ्न फाटकाशी जाऊन उभा राहिला आहे.)

शत्रुघ्न : या वहिनी, या, येऊ द्या! डावीकडं जागा हाय. अजून हाय. एकच खांब राह्यलाय माझा, त्याला सांभाला!

शरदचंद्र : ब्रेक. ब्रेक! ...बरं, निघाली. निघाली की गं.

जयवंती : श्वास सोडा आता.

शरदचंद्र : दुसरा टाक. हां. ...मघाशी मोजत होतीस ना? लाव आता हिशेब पुरा. कोणाचं काय गेलं?

जयवंती : भावजींचा खांब गेला. तुमचं स्टिअरिंग गेलं.

शरदचंद्र : आणि तुझं? तुझा नफाच सगळा.

जयवंती : माझी खिडकी गेली, अहो. चाळीस वर्षं वाट बघितली, आणि आता दीड हजार किलोमीटर लाल माती बाजूने जाणार, आणि मी नाकासमोरच्या पट्ट्यावर डोळे लावून बसणार. खिडकी तुम्हाला दिली.

शरदचंद्र : दिलीस तीही डावीकडची. मला तिकडचं दिसतं कुठे?

जयवंती : मान वळवून बघायचं. आणि काय दिसतं ते मला सांगत जायचं.

शरदचंद्र : आणि मान अवघडली की?

जयवंती : मग उजवीकडे बघा. तिकडे मी आहे.