डाक्टरीणबाई, मले विचार

मी मूळची पारशिवनीकडची, अन् लग्न होऊन आली ते काटोलजवळच्या गावात, संत्र्याच्या बागेत. सासू म्हणे, हिले कोणी झाडाजवळून हाकला, तवा हे घरी येईन. तशीच हावो मी, आताही. मालक गेले तवा झाडं लहान होती, मीच पाणी देल्लं, मीच पोरगा वाढोला. सुधाकर त्याचं नाव. पोरगा गुणाचा हाये, पण काय सांगू तुमाले, त्याले गावाची लय लाज. म्हातारी माय कामाले गेलेली दिसली का लोक म्हणतात, पाहा, मायले राबोते. म्हणून सून मले चुलीजवळ बसू देत नाही, पोरगा पाण्याचा गडवा हातात आणून देते. मी आपली, ते दोघं कामात असले का मागच्या दारानं बागेत.

मग छातीत गाठ निघाली. आपरेशन नागपुरात झालं, अन् नंतर डाक्टरीणबाई म्हणे, आता किमो. लहानशी पोर ते, बोलणं गोड. आजी, म्हणे, म्हाताऱ्या माणसाले किमो किती तरास देईन हे नुसतं वय पाहून नाही समजत, म्हणून मले बरंच विचारा लागते. विचार माय, म्हटलं. तं तिनं विचारलं, आंघोळ स्वतः करता का, भाजी कोण आणते, गोळ्या कोण देते, किती चालता. अन् मी तोंड उघडाच्या आधी सुधाकर छाती फुगवून, नाही नाही म्याडम, आमी आईले काडी उचलू देत नाही, सारं हातात देतो, बाहेर तं जाऊच देत नाही. त्याले वाटलं बाई म्हणन, वा, काय सेवा करते मायची! ते बिचारी गंभीर झाली. म्हणे, इतकं सारं दुसऱ्याले करा लागते म्हणजे आजीच्या अंगात ताकत कमी हाये, पूरा डोस झेपणार नाही, भरती कराची पाळी येईन. आपण कमीच देऊ.

माया डोक्यात सनकच गेली. गाठ मायी, अंग मायं, अन् जबाब हा देऊन राहिला! म्हटलं, सुधाकर, तू बाहेर बस गा. आई, काहून, म्हणे. बस म्हटलं नं! तो गेला, अन् म्हटलं, बाई, आता मले विचार. मी खुर्चीवरून हात न टेकता उठली, बाहेरच्या वऱ्हांड्यात चक्कर मारून आली, दम नाही लागला. रोज बागेत जाते तेही सांगतलं. म्हटलं, मले अजून जगाचं हाये वं, यंदाचा आंबिया बहाराचा संत्रा तुटताना पाहाचा हाये.

ते हासली. मग म्हणे, आजी, एवढ्यात कुठी पडल्या होत्या का? आता झाली का पंचाईत! बागेत पाटाच्या ओलीत पाय घसरून चांगली आपटली होती, घरी कोणाले सांगतलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तं कोणाले कळलं असतं? पण मनात म्हटलं, पोरानं मायेपायी चुकीचं सांगतलं, आता मी लोभापायी सांगू का? औषध काही तोंड पाहून तरास देत नाही. सांगून टाकलं. तिनं पाय पाह्यले, डोळे तपासाले पाठोलं, अन् म्हणे, पह्यला डोस जरा कमी, झेपला तं पुढचा पूरा.

झेपला बापा. तोंड आलं, केस गेले, फोडणीचा वास आला का पोटात ढवळे, काही दिवस तं खाटेवरच होती. पण आता पूरा डोस चालू हाये. बाईनं सुधाकरले सांगतलं, आजीले रोज चालू द्या, झेपन तेवढं काम करू द्या, नाही तं हातपाय बसतीन. आता गाव म्हणते, मायचे केस गेले तरी बागेत पाठोते, केवढा निर्दयी! तो मान खाली घालून घरी येते. मी म्हणते, म्हणू दे रे, लोकाच्या तोंडाले कोणी हात लावते का?

अजून डोस बाकी हायेत. बरी होईन का नाही, ते पुढचं पुढं, पण मी काही मधात सोडणार नाही. दर डोसाच्या आधी बाई सारं विचारते, अन् सुधाकर आपणच उठून बाहेर जाऊन बसते. सुखी राहा बापा तुमी. घरी म्हातारं माणूस असन तं सेवा करा, खूप करा, पण डाक्टरपुढं त्याचं त्याले बोलू द्या.