मिरचीचे हात

गोष्ट २००४ सालची. डोळ्यांच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसलेल्या बाईंना रांगेतल्या आजी-आजोबांचं बोलणं ऐकू आलं. खराब औषध दिलं म्हणून आदल्याच दिवशी आजोबांनी बाईंविरुद्ध लेखी तक्रार केली होती.

“तुम्ही थेंब घातलेत तेव्हा माझ्या डोळ्याची नुसती आग झाली हो.”

“ऐक ना. तो पास्ता केला होता ना मी?”

“हो, दहा मिनिटांत झाला म्हणून गावभर मिरवलंत.”

“त्यात सहा मिरच्या चिरल्या. तेवढ्यात तुझ्या थेंबांची वेळ झाली.”

“मग?”

“हात नुसते फडक्याला पुसले गं. औषध चांगलंच होतं.”

“ठाऊक आहे. बोटांना वास येत होता. कधी बोलताय, याचीच वाट बघत होते.”

“तोंड दाखवायची लाज वाटते.”

“मला काय सांगताय? त्या बाईंची नोकरी जाईल. जा, त्यांना सांगा.”

आजोबा खिडकीशी आले. “बाई, चूक माझी. तक्रार मागे घेतो.”

आजींचा डोळा बरा झाला. बाई निवृत्तीपर्यंत त्याच खिडकीवर होत्या. आजोबा आणखी सहा वर्षं जगले. स्वतःच्या डोळ्यांचं औषध न्यायला यायचे, पण बाईंकडे मान वर करून त्यांनी कधी पाहिलं नाही.