जुना ड्रायव्हर काढा म्हनं

न्हाई, पन म्या म्हनतो, काय बी बिघडलं की दोष ड्रायव्हरचाच कसा वो? भोर डेपोत उभी हयात गेली माजी. वरंध्याच्या घाटात म्हस आडवी आली तरी ड्रायव्हरच, टायर बसला तरी ड्रायव्हरच, आन आता रिटायर हून घरात बसलोय तर हितंबी तेच… तुमाला सांगतो, आमचा स्वरूप बेंगलोरला. ही गेल्यावर त्यानं कंप्युटर धाडला, म्हनला, "नाना, रविवारी एकमेकांचं तोंड तरी दिसेल." दिसायचं की, झ्याक. मग एक दिवस त्याच्यावर आलं, अपडेट करू का? आता कुनी आपनहून इचारतंय तर न्हाई कशाला म्हना? दाबलं. त्ये जे चाक फिराया लागलं, म्या भाकरी थापली, खाल्ली, भांडी घासली, तरी फिरतंयच… आन उघडून बगतो तर पोराचं तोंड हिरवं, मदनं आडवे पट्टे, हनुवटी वर आन कपाळ खाली.

फोन लावला. म्हनतो कसा, "घाबरू नका, नाना, ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे." म्या म्हनलं, आरं म्या काय केलं? "तुम्ही नाही हो, स्क्रीनचा ड्रायव्हर. जुना आता चालत नाही, काढून टाकू." रिटायर मानसाला आसं तोंडावर बोलायचं आस्तं का?

पन मग काय, रोज फोन. सकाळी हापिसात जाताना, सांजचं येताना. "नाना, बंद करून चालू करा. आता काय दिसतंय?" हिरवं. "आता?" आता जांभळं. मदीच इचारायचा, "जेवलात का? गुडघा कसा आहे?" येरवी दोन मिंटात ठेवनारं पोरगं… शेजारची रतनबाई कुपाटीवरनं म्हनली, "भावजी, येवडं गुलुगुलु कुनाशी वो?" म्या म्हनलं, ड्रायव्हरची बदली चाललीय.

नवा ड्रायव्हर टाकला तर पडदाच काळा. शेवटी स्वरूपच म्हनला, "नाना, जुनाच ड्रायव्हर बरा होता, परत बसवू." तुमाला सांगतो, छाती भरून आली माजी. बसवला. कपाळ कपाळाच्या जागी, रंग मानसावानी. म्हनला, "झालं, नाना. आता काही अडचण नाही. ठेवतो."

ठेवला त्यो ठेवलाच. दुसऱ्या दिशी फोन न्हाई, तिसऱ्या दिशी न्हाई. पोरगं वाईट न्हाई वो, काम आस्तंय त्याला… पन कंप्युटर ठीक म्हंजी नानाबी ठीक, व्हय ना? लई एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आन आज सकाळी पुन्यांदा आलं, अपडेट करू का? स्वरूपनं बजावलंय, "नाना, आता काहीही दाबायचं नाही." खरंय त्याचं. जुना ड्रायव्हर हाय, गाडी चालू हाय, निस्तं प्याशिंजर कुनी न्हाई… बसलो बगत. मग म्हनलं, दोष काय, ड्रायव्हरलाच देत्यात.

दाबलं.