राहिलेली दोन वाक्यं

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. आत एक म्हातारा नट होता. एक त्याची मुलगी, दुसरी त्याच्या नव्या सिनेमाची निर्माती, मांडीवर आवाज टिपायचं छोटं मशीन घेऊन.

"ताई, बाबांचं आज-उद्याचं सांगितलंय आणि तुम्ही डबिंगला आलात?"

"त्यांनीच बोलावलं गं. सोमवारी फोन आला. म्हणाले, सीन झालाय, दोन वाक्यांचा आवाज तेवढा राहिलाय, लवकर ये."

"सोमवारी? माझ्याशी तर ते आठवडाभर चकार शब्द बोलले नाहीत. नुसते छताकडे बघतात."

"मला माहीत नव्हतं."

"तुमचे आधीचे सिनेमे तरी कुठे लागले?"

"एक लागला, आठवडाभर. दुसरा कपाटात पडलाय. तरी या तिसऱ्यालाही तुझ्या बाबांनी गोष्ट न ऐकता हो म्हटलं. कुणी विचारत नसताना मला तेवढा एकच माणूस होता."

"दुसऱ्या कुणाचा आवाज घाला."

"घालीन. पण आत जाऊन त्यांना तसं सांगायची हिंमत नाही माझी."

"कसली वाक्यं आहेत?"

"त्यातला बाप मुलीला म्हणतो, 'तू आता घरी जा. मला भीती वाटत नाही.'"



"नर्स एकालाच आत सोडते, ताई."

"ठाऊक आहे. मी पाच मिनिटांत बाहेर येते."

"तुम्ही नको. ते मशीन माझ्याकडे द्या. कुठलं बटण दाबायचं?"