नेसल्याबिगर फिरलेली साडी

(पारूबाई तिसगावात राहतात. मजुरीला जातात, उरल्या वेळात वाकळा शिवतात. त्यांनी शहाण्णव साली सांगितलं ते असं.)

माझ्या थोरल्या लेकीचं, सुनंदाचं लगीन नव्वद साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी, वैशाखात, हितंच तिसगावात झालं आन् त्या लग्नात कोनी कोनाला कापडाचा आहेर केला न्हाई.

माझं माहेर राहुरीकडचं, धरनाच्या खालचं, आन् दिलं हिकडं कोरड्या मुलखात. आई वाकळा शिवायची, तिचं बघून माझा हात बसला. जुनं लुगडं नेसून नेसून मऊ झालं की वाकळंला येतं. पन काय सांगू तुमाला, मागनं मागनं बाया नव्या साड्या घेऊन यायला लागल्या. घडी बी मोडलेली न्हाई. आहेराच्या. पातळ, सुळसुळीत, नेसलं तर अंगावर ठरत न्हाई, सुई घातली तर टाका धरत न्हाई. त्या नेसायच्या नसत्यातच, द्यायच्या असत्यात, ह्या लग्नात आली, त्या लग्नात गेली. माझ्या पेटीत बी हुत्या की. एकीचा कोपरा उंदरानं कुरतडला, तर सुनंदानं वाकळंच्या टाक्यानं सांधला आन् मी तो घडीत आत घालून ती साडी दिली एका लग्नात. सगळ्याच करत्यात.

आता सुनंदाची आत्या, ह्यांची बहीन, शेजारच्या गावची. नवरा गेल्यापासून एकटी. सुनंदाला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं, पन लग्नांना यायचं तिनं सोडलं. म्हनायची, डोकं दुखतं. डोकं कशाचं, द्यायला साडी न्हाई, रिकाम्या हातानं कसं यायचं. सुनंदाच्या लग्नाला बी तोच निरोप. सुनंदा म्हनली, लग्नाला अजून महिना हाय, डोकं आत्तापासूनच कसं दुखतंय? आत्या समोर बसल्याबिगर मी हार घालनार न्हाई.

साखरपुड्याला विहीनबाई आल्या. बोलायला कडक. त्यांनी मला साडी दिली. सुनंदानं ती उलगडली, कोपरा हातात धरला. मी बघितलं तर तोच टाका. मनात म्हनलं, पोरी, गप ऱ्हा, जमलेलं मोडंल. ती विहीनबाईंना म्हनली, मामी, ही साडी आमच्याच घरची हाय, माझ्या हातचा टाका हाय ह्यो.

विहीनबाईंनी कोपरा डोळ्याजवळ नेला, टाका नखानं वढून बघितला. म्हनल्या, एवढी फिरली तरी उसवला न्हाई की गं. आन् हसल्या. सुनंदानं तेवढ्यातच मागून घेतलं, मामी, आपल्या लग्नात कापडच नको, देनं न्हाई, घेनं न्हाई, मग माझी आत्या येईल. त्या म्हनल्या, आन् माझ्या भावकीला मी काय सांगू? माझं नाव सांगा, सुनंदा म्हनली. व्हय, सांगते, म्हनल्या, सून कडक मिळाली म्हनून सांगते.

मानसं बोलली. कंजूष म्हनली, पंगतीला मात्र एक बी चुकला न्हाई. सुनंदा पांढरं सुती पातळ नेसली, रोज नेसता येईल असं, आन् लग्नानंतर ते नेसून कामाला बी गेली. मला जमलं नसतं, मला चार मानसांत भ्या वाटतं. तिला न्हाई वाटत. लई बायांनी मागनं तिचं बघून आहेर बंद केला, आदी नावं ठेवनाऱ्यांनी बी.

आत्या आली. रोजचंच लुगडं, धुतलेलं. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आदी सुनंदानं तिला पुढं बसवलं. विचारलं, डोकं कसं हाय? आत्या म्हनली, ऱ्हायलं दुखायचं.

आता सुनंदाला पोरगी झालीया. परवा आली तवा ते पांढरं पातळ घेऊन आली, पार मऊ झालंय. बाळाला त्याची दोन दुपटी शिवली, एक मी, एक आत्यानं. आत्या आता आमच्यातच ऱ्हाती. तिनं शिवलेलं दुपटं बाहेर दोरीवर वाळत हाय.